एकाच जवाचे अनेक रंग : सेंद्रिय एल कशी घडते

सोनेरी पेल एल, तांबूस-तपकिरी नट ब्राउन एल आणि काळीभोर ओटमील स्टाउट या तीन बिअर शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्या एकाच घरच्या आहेत असे वाटत नाही. पहिलीला फुलांचा गंध आणि स्वच्छ कडवटपणा, दुसरीला सुक्या मेव्याची चव, तर तिसरीला कॉफीसारखा भाजका वास आणि जिभेवर मऊ पोत. प्रत्यक्षात तिन्ही इंग्लंडच्या यॉर्कशरमधील टॅडकास्टर या छोट्या गावी, सॅम्युएल स्मिथ यांच्या ब्रुअरीत तयार होतात. तिन्हींच्या मुळाशी जव, हॉप्स, यीस्ट आणि पाणी हेच चार मुख्य घटक आहेत. तिन्हींत मद्यार्कही सारखाच, ५ टक्के. मग त्या इतक्या वेगळ्या कशा?

याच ब्रुअरीच्या काही बाटल्यांवर ‘सेंद्रिय’ अशी नोंद असते. चव, रंग आणि कडवटपणा यांचा या नोंदीशी संबंध काय, असा दुसरा प्रश्न इथे उभा राहतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या जागी सापडतात. एलची, म्हणजे उबेत आंबवलेल्या या बिअरची, शैली ब्रुअरीत ठरते; तिचे सेंद्रियपण त्याच्या बरेच आधी, शेतात ठरते.

जवाला मोड कशासाठी

जवाच्या दाण्यात मुख्यतः स्टार्च असतो. यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखर खाऊन मद्यार्क बनवते, पण बिअरच्या यीस्टला स्टार्च पचवता येत नाही. म्हणून आधी स्टार्चची साखर व्हावी लागते. त्याची सोय दाण्यातच असते. दाणा रुजू लागला की कोवळ्या अंकुराला अन्न मिळावे म्हणून त्यात विकरे तयार होतात. विकर म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारे प्रथिन. ही विकरे स्टार्चचे मोठे रेणू तोडून त्यांची साखर करतात.

मराठी घरांत बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना हेच घडते. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची आणि दळायची. मोड आलेली नाचणी गोडसर लागते, पचायला हलकी होते आणि तिची पेज पातळ राहते, कारण तिच्यातला काही स्टार्च तुटलेला असतो. जवावर केलेल्या याच प्रक्रियेला माल्टिंग म्हणतात आणि तयार झालेल्या धान्याला माल्ट.

माल्टिंगमध्ये जव सुमारे दोन दिवस थांबून थांबून भिजवतात. मग चार ते सहा दिवस थंड, ओलसर जागेत अंकुरू देतात. अंकुर फार वाढला तर दाण्यातला साठा तोच खाऊन टाकेल, म्हणून योग्य वेळी गरम हवेने दाणे वाळवून वाढ थांबवतात. विकरे शाबूत राहतील इतपतच उष्णता द्यावी लागते.

रंग उष्णतेतून येतो

साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास वाळवलेला माल्ट फिकट राहतो. त्याला पेल माल्ट म्हणतात. यॉर्कशरच्या सोनेरी एलपासून काळ्या स्टाउटपर्यंत बहुतेक सर्व इंग्लिश एलचा मोठा हिस्सा याच माल्टचा असतो. रंग आणि चव बदलते ती त्यात मिसळलेल्या थोड्याशा खास माल्टमुळे.

ओलसर माल्ट तसाच गरम केला तर दाण्याच्या आतच साखर तयार होते आणि पुढे भाजताना तिचे कॅरॅमल होते. हा क्रिस्टल माल्ट. तो तांबूस रंग आणि टॉफीची चव देतो. माल्ट २०० अंशांच्या पुढे भाजला की तो गडद तपकिरी होतो, त्याला चॉकलेट माल्ट म्हणतात. त्यात चॉकलेट मुळीच नसते. नाव केवळ रंगावरून आणि वासावरून पडले आहे. याहून जास्त भाजलेला माल्ट जवळजवळ काळा असतो. गडद रंग आणि भाजका गंध यांमागे प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि साखर यांची उष्णतेत होणारी प्रक्रिया असते. तिला माइयार्ड प्रक्रिया म्हणतात.

काळ्या माल्टचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. १८१७मध्ये डॅनिएल व्हीलर या इंग्रजाने फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचे पेटंट घेतले. तोवर पोर्टर या गडद बिअरसाठी बराच माल्ट तपकिरी वापरावा लागे आणि त्यातून साखर कमी मिळे. व्हीलरच्या यंत्रामुळे मूठभर काळा माल्ट पुरेसा झाला. उरलेला सगळा माल्ट फिकट, म्हणजे भरपूर साखर देणारा घेता येऊ लागला. म्हणूनच काळ्या रंगावरून बिअरची तीव्रता ओळखता येत नाही. रंग थोड्या भाजलेल्या दाण्यांतून येतो, मद्यार्क साखरेतून.

पाणी आणि मॅश

भरडलेला माल्ट गरम पाण्यात मिसळून सुमारे तासभर ठेवतात. या मिश्रणाला मॅश म्हणतात. त्याचे तापमान ६२ ते ७० अंशांच्या दरम्यान राखले जाते आणि त्यातल्या चार-पाच अंशांच्या फरकाने बिअरची प्रकृती बदलते. साधारण ६३ ते ६५ अंशांना काम करणारे विकर यीस्टला सहज खाता येईल अशी साखर जास्त बनवते. बिअर कोरडी आणि हलकी होते. ६८ अंशांच्या वर दुसऱ्या विकराचे वर्चस्व राहते. ते स्टार्चचे मोठे तुकडे करते, जे यीस्ट खाऊ शकत नाही. हे तुकडे बिअरमध्ये तसेच उरतात आणि तिला भरदार पोत देतात. मॅशमधून गाळून घेतलेल्या गोड रसाला वर्ट म्हणतात. उरलेला चोथा जनावरांना खाऊ घालतात.

पाण्यातील क्षारांचाही यात मोठा वाटा असतो. टॅडकास्टर चुनखडीच्या खडकावर वसले आहे. १७५८मध्ये ब्रुअरी सुरू झाली तेव्हा खोदलेल्या विहिरीतून आजही पाणी काढतात. सुमारे ८५ फूट खोलीवरचे हे पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त आहे. पाण्यात सल्फेट असले की हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि ठसठशीत जाणवतो. बर्टन-अपॉन-ट्रेंट हे इंग्लिश गाव पेल एलसाठी गाजले ते अशाच पाण्यामुळे. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त. ते मॅशमधली आम्लता कमी करते आणि फिकट बिअरला बाधते. भाजलेले माल्ट मात्र आम्लधर्मी असल्याने तोल साधला जातो, म्हणून डब्लिनला स्टाउट चांगली जमली. ज्या गावचे जसे पाणी, तशी त्या गावची एल, अशी ही परंपरा होती. पुढे क्षार मोजून मिसळण्याची विद्या आली आणि कोणत्याही गावात कोणतीही शैली करता येऊ लागली.

हॉप्स केव्हा घालायचे

हॉप्स ही बहुवर्षायू वेल आहे. तिच्या मादी वेलींना हिरवी, कागदासारख्या पाकळ्यांची बोंडे लागतात. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते. कडवटपणा देणारी आम्ले आणि सुगंधी तेले या पुडीत असतात.

वर्ट तासभर ते दीड तास उकळतात. सुरुवातीलाच घातलेल्या हॉप्समधील अल्फा आम्लांची रचना उकळताना बदलते. ती पाण्यात विरघळतात आणि कडवटपणा उतरतो. एवढ्या वेळात सुगंधी तेले मात्र वाफेबरोबर उडून जातात. म्हणून सुगंध हवा असेल तर हॉप्सचा दुसरा हप्ता उकळणे संपता संपता घालतात, किंवा आंबवणे झाल्यावर थंड बिअरमध्येच भिजवतात. तेच हॉप्स, पण वेळ बदलली की काम बदलते.

हॉप्सची आम्ले बिअर आंबट करणाऱ्या अनेक जिवाणूंनाही रोखतात. या गुणाशी भारताचे नाव जोडले गेले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या बो ब्रुअरीचा जॉर्ज हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला भरपूर हॉप्सची फिकट एल पाठवत असे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या या प्रवासाला अनेक महिने लागत. १८२०च्या दशकात बर्टनचे उत्पादक या व्यापारात उतरले आणि ‘इंडिया पेल एल’ ही शैली रूढ झाली. याच जहाजांतून गडद पोर्टरही मोठ्या प्रमाणात भारतात येत असे. त्यामुळे समुद्रप्रवास फक्त इंडिया पेल एललाच झेपत होता, ही समजूत खरी नाही.

यीस्ट आणि दगडी चौकोन

उकळलेला वर्ट थंड करून त्यात यीस्ट सोडले की आंबवणे सुरू होते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून मद्यार्काचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बनतात. एल आणि लागर या बिअरच्या दोन मुख्य प्रकारांतला मूलभूत फरक इथे आहे. एलचे यीस्ट साधारण १५ ते २४ अंशांना काम करते आणि फेसाबरोबर वर येते. लागरचे यीस्ट वेगळ्या जातीचे. ते ७ ते १३ अंशांच्या थंडाव्यात सावकाश काम करते आणि तळाशी बसते. उबेत यीस्ट वेगाने वाढते आणि एस्टर नावाची सुगंधी संयुगे जास्त बनवते. एलमध्ये केळ्यासारखा, सफरचंदासारखा जो फळांचा गंध येतो तो या एस्टरांचा.

टॅडकास्टरला आंबवण्यासाठी ‘यॉर्कशर स्क्वेअर’ हे पाटीच्या दगडाचे चौकोनी हौद वापरतात. हौदाचे दोन मजले असतात आणि मधल्या छताला गोल भोक असते. खालच्या मजल्यावर बिअर आंबते. फेस आणि यीस्ट भोकातून वर येतात. यीस्ट वरच्या मजल्यावर अडकते आणि द्रव परत खाली उतरतो. तिथले यीस्ट लवकर गुठळ्या धरणारे आहे. त्याला तसेच सोडले तर साखर शिल्लक असतानाच ते वेगळे होईल, म्हणून खालची बिअर अधूनमधून पंपाने वर घेऊन यीस्टवर फिरवतात. यीस्टचा हाच वाण ही ब्रुअरी शंभराहून अधिक वर्षे जोपासत आली आहे. अशा हौदांत घडलेली एल भरदार आणि गोलाईची लागते.

> चौकट : एलच्या शैली थोडक्यात
>
> पेल एल – फिकट माल्टचे प्राबल्य, स्पष्ट हॉप्स, सोनेरी ते तांबूस रंग.
>
> इंडिया पेल एल – पेल एलपेक्षा अधिक हॉप्स, अधिक कोरडी, बहुधा अधिक तीव्र.
>
> ब्राउन एल – क्रिस्टल व गडद माल्टची जोड, हॉप्स मर्यादित, सुक्या मेव्याची चव.
>
> पोर्टर – अठराव्या शतकातील लंडनची गडद बिअर. भाजक्या माल्टची चव.
>
> ओटमील स्टाउट – भाजक्या धान्याबरोबर ओट्स. ओट्समधील बीटा-ग्लुकान या तंतुमय पदार्थामुळे रेशमी पोत. जवळजवळ लोप पावलेली ही शैली सॅम्युएल स्मिथ यांच्या ब्रुअरीने १९८०मध्ये पुन्हा सुरू केली.
>
> इम्पीरियल स्टाउट – अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या राजदरबारी जाणारी तीव्र स्टाउट. टॅडकास्टरच्या बिअरमध्ये मद्यार्क ७ टक्के.

सेंद्रिय : शेतात काय बदलते

सेंद्रिय बिअर करण्याची कृती वेगळी नसते. माल्टिंग, मॅश, उकळणे, आंबवणे सगळे तसेच. बदलतो तो धान्य आणि हॉप्स पिकवण्याचा मार्ग. सेंद्रिय शेतात कृत्रिम नत्रखते आणि कृत्रिम कीटकनाशके, तणनाशके चालत नाहीत. जमिनीला नत्र मिळावे म्हणून क्लोव्हरसारखी द्विदल पिके फेरपालटीत घेतात. त्यांच्या मुळांवरील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरतात. तण आवरण्यासाठी पीकबदल आणि कोळपणी यांवर भिस्त असते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार जवासारख्या हंगामी पिकाची जमीन पेरणीपूर्वी दोन वर्षे, तर हॉप्ससारख्या बहुवर्षायू पिकाची जमीन काढणीपूर्वी तीन वर्षे या पद्धतीने कसावी लागते. या काळात उत्पादन घटते, पण सेंद्रिय मालाचा भाव मिळत नाही. सेंद्रिय जव महाग असण्याचे हे एक कारण आहे.

जवाच्या बाबतीत नत्राची टंचाई ब्रुअरीच्या पथ्यावर पडू शकते. शेताला नत्र जास्त मिळाला की दाण्यात प्रथिने वाढतात आणि त्या प्रमाणात स्टार्च घटतो. बिअर गढूळ होण्याची शक्यताही वाढते. एलसाठी प्रथिने सुमारे १० टक्के असलेला जव पसंत करतात. सेंद्रिय शेतातला जव बऱ्याचदा या मापात बसतो. मात्र एकरी उतारा कमी पडतो आणि दरवर्षीच्या मालात फरक जास्त असतो.

हॉप्सची अडचण

सेंद्रिय बिअरच्या वाटेतील खरी अडचण हॉप्सची आहे. ही वेल पाच-सहा मीटर उंच तारांवर चढवतात. दाट पानोळा, युरोपातला ओला उन्हाळा आणि वर्षानुवर्षे त्याच जागी असलेले पीक यांमुळे केवडा आणि भुरी हे रोग, तसेच मावा आणि लाल कोळी या किडी तिच्या पाचवीला पुजलेल्या असतात. सेंद्रिय शेतकऱ्याकडे गंधक, मर्यादित ताम्रयुक्त औषधे, हवा खेळती ठेवण्यासाठी खालची पाने काढणे आणि माव्याला खाणारे ढालकिडे एवढीच हत्यारे असतात. तांबे जमिनीत साठत जाते, म्हणून युरोपीय संघाने त्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातली आहे. न्यूझीलंडमध्ये हॉप्सचे रोग-किडी कमी असल्याने तिथे सेंद्रिय हॉप्स पिकवणे तुलनेने सोपे जाते आणि तेथील माल दूरच्या ब्रुअरींपर्यंत जातो.

ही टंचाई कायद्यातही उमटली. अमेरिकेत २००७पासून सेंद्रिय बिअरमध्ये साधे हॉप्स वापरण्याची मुभा होती. हॉप्स बिअरमध्ये वजनाने अगदी थोडे लागत असल्याने ते परवानगीच्या टक्केवारीत बसत. पण या सवलतीमुळे सेंद्रिय हॉप्स पिकवणाऱ्यांना गिऱ्हाईकच मिळेना. त्यांनी मागणी लावून धरली आणि १ जानेवारी २०१३पासून ही सवलत रद्द झाली. नियम बदलल्यावर ब्रुअरींना सेंद्रिय हॉप्स शोधणे भाग पडले.

ब्रुअरीत काय बदलते

युरोपीय नियमांनुसार ‘सेंद्रिय’ म्हणवणाऱ्या उत्पादनातील शेतीजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के घटक वजनाने सेंद्रिय असावे लागतात. पाणी आणि मीठ या हिशेबात धरत नाहीत. उरलेल्या भागातही काहीही चालत नाही. सेंद्रिय स्वरूपात न मिळणारे आणि मान्य यादीत असलेले घटकच वापरता येतात. २०१३च्या अखेरीपासून यीस्टही शेतीजन्य घटकांत मोजले जाते. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतरही ९५ टक्क्यांचा निकष कायम ठेवला.

हा निकष जोड-घटकांनाही लागू पडतो. टॅडकास्टरच्या सेंद्रिय चॉकलेट स्टाउटमध्ये चॉकलेट माल्टच्या जोडीला खरा कोको असतो आणि तोही सेंद्रियच घ्यावा लागतो. याच घराण्याच्या सेंद्रिय फळ-बिअरचे मूळ द्रव्य लिंकनशरमधील स्टॅमफर्ड गावच्या जुन्या, हाताने चालवायच्या यंत्रांच्या ऑल सेंट्स ब्रुअरीत घडते. चेरी, रासबेरी, जर्दाळू, स्ट्रॉबेरी या फळांचे रससुद्धा सेंद्रिय असतात.

एकाच ब्रुअरीत दोन्ही प्रकारची बिअर होत असेल, तर सेंद्रिय माल्टची कोठी वेगळी ठेवतात, यंत्रे आणि नळ्या आधी स्वच्छ धुतात आणि कोणत्या पोत्यातला माल कोणत्या घाण्यात गेला याची नोंद ठेवतात. प्रमाणन संस्थेचे निरीक्षक दरवर्षी येऊन या नोंदी तपासतात. बाटलीपासून शेतापर्यंत उलटा माग काढता आला पाहिजे, हे या साऱ्या तपासणीचे सूत्र आहे.

लेबल काय सांगते आणि काय सांगत नाही

सेंद्रिय नोंदीवरून धान्य कसे पिकवले आणि जमीन, पाणी, किडे-पाखरे यांच्यावर कृत्रिम रसायनांचा भार टाकला गेला का, एवढे कळते. बिअर चवीला सरस आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. चव माल्ट भाजण्यात, मॅशच्या तापमानात, हॉप्सच्या वेळेत, यीस्टच्या वाणात आणि पाण्याच्या क्षारांत आहे. चवीवरून बिअर निवडायची असेल तर शैलीचे नाव वाचावे.

बिअर शाकाहारी आहे का, हेही ‘सेंद्रिय’ या शब्दावरून ठरत नाही. पिंपातली एल निवळण्यासाठी माशाच्या वायुपिशवीपासून काढलेला आयसिंग्लास नावाचा पदार्थ वापरण्याची जुनी इंग्लिश रीत आहे. शाकाहारी ग्राहकांना त्यासाठी वेगळी खूण पाहावी लागते. टॅडकास्टरच्या बहुतेक बिअरची व्हेगन म्हणून नोंदणी झालेली आहे.

शेवटी आरोग्याची बाब. जव सेंद्रिय असल्याने मद्यार्काचा परिणाम कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८पासून मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि सेंद्रिय बिअरही त्यातच मोडते. सेंद्रिय शेतीचा लाभ जमिनीला आणि शेतकऱ्याला होतो. पिणाऱ्याच्या शरीराला ५ टक्के मद्यार्क सेंद्रिय आणि साध्या, दोन्ही बाटल्यांतून सारखाच पोचतो.